सगळ्या प्रोसेसरांसाठी लिहिणारे तांडेल

‘आज दिवस बरा गेला,’ असं तांडेल म्हणाले, की समजायचं, आज त्यांनी कोडच्या पुष्कळ ओळी खोडल्या. ते उरणच्या कोळीवाड्यातले, वडिलांची होडी. म्हणून नवीन पनवेलच्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळे त्यांना तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणत.

आमचं काम सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या लायब्ररीचं. प्रोग्रॅमला फाइल उघडायची झाली तर ही लायब्ररी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, तशी मागणी करते, तिला सिस्टिम कॉल म्हणतात. प्रत्येक कॉलला नंबर, आणि जुन्या प्रोसेसरांच्या नंबरांच्या याद्या वेगवेगळ्या. नव्या प्रोसेसरांसाठी कर्नलवाल्यांनी एकच सामाईक यादी केली, काही जुने कॉल काढूनच टाकले. लायब्ररी मात्र अजून तेच जुने कॉल मागत होती. आमच्या गिऱ्हाइकाचा नवा प्रोसेसर तिथेच अडला.

‘जुन्या प्रोसेसरच्या फायली कॉपी करा, नंबर बदला आणि मोकळे व्हा,’ साहेब म्हणाले.

‘नाय साहेब. उद्या दुसरा प्रोसेसर आला का परत कॉपी? चुका पन कॉपी होनार. आमी एकदाच लिवतो, सगल्यांना चालंल असं.’

साहेबांनी तीन महिने दिले. तेवढ्यात जमलं नाही तर काम दुसऱ्या कंपनीला जाणार होतं.

लायब्ररी सांभाळणारी मंडळी परदेशात, आणि त्यांनी तपासून घेतल्याशिवाय तिच्यात काही बदलत नसे. त्यांनी तांडेलांचं काम दोनदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा तर मोठ्या फायलींचा आकारच चुकीचा येत होता. मी चिडले. तांडेलांनी ती मेल छापून घेतली आणि डबा खाताखाता एकेका वाक्याखाली रेघ ओढली.

‘रागावतेस कशाला? त्या मानसानं आपली चूक शोधून दिली. आपल्याला नाय दिसली ना?’

तिसऱ्यांदा पाठवलं, तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते. उत्तर एका ओळीचं आलं: घेतलं आहे. तांडेल खुर्चीवरून उठले आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली, की खालचा झेरॉक्सवाला जिना चढून वर आला. साहेबांनी स्वतः पेढे आणले.

पुढे त्याच फायलींवर, आम्हाला ओळखतही नसलेल्या माणसांनी आणखी नवे प्रोसेसर चालते केले.

काही वर्षांनी ऑफिस बंद झालं, मी नोकरीसाठी पुण्याला गेले. तिथल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी नेमक्या त्याच फायली उघडल्या. ‘हे कुणी लिहिलंय कोण जाणे, पण फार सुरेख आहे.’

‘मला माहीत आहे,’ मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. बाहेर पडल्या पडल्या तांडेलांना फोन लावला.

‘बरं झालं,’ ते म्हणाले. ‘पन वाचताना तिला कुठं काय अडलं तर नाय ना?’