जळालेला डावा हात

ती घटना आठवली की मला मृताचा चेहरा नव्हे, त्याचा डावा हात दिसतो.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षे झाली असतील. मी गोंदियाला ठाणेदार होतो. एका सकाळी फुलचूरचा एक धानउत्पादक धापा टाकत ठाण्यात आला.

"भाऊ मेला जी. सरण रचलं हाय. पर त्याच्या बायकोनं त्याले फोटोचं औषध चारलं. अंगावर निळे डाग हायेत, येऊन पाहा."

मृत माणूस शहरात फोटो काढायच्या कामावर होता, आणि फोटोच्या औषधांत जहर असते हे आम्ही ऐकून होतो. मी अंत्यविधी थांबवून पंचनामा केला. अंगभर निळे डाग, हिरड्यांवर सुकलेले रक्त, डाव्या हाताची कातडी काळवंडलेली, नखे चिरलेली. घरात नावाची चिठ्ठी नसलेली औषधाची एक बाटली मिळाली. शव उत्तरीय तपासणीला गेले. व्हिसेरा आणि बाटली रासायनिक तपासणीला. जहर निघाले असते तर त्या बाईवर खुनाचा खटला उभा राहिला असता.

तिला मी दिवसभर ठाण्यात बसवले. दरडावून विचारले, "बाटलीत काय होते?"

"ताकतीची दवाई जी. किती महिने झाले, थकूनच राहिले होते. ताप उतरे ना. दात घासले का रक्त."

"आणि फोटोचे औषध?"

"थे दवाखान्यात राहते. घरी कायले आनतीन?"

"दवाखान्यात कोण फोटो काढतो?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू खुळा मीच. "हाडाचा फोटो जी!"

एक्स-रे! लोक त्यालाही फोटोच म्हणत. मी मात्र पंचनाम्यात 'छायाचित्रकार' लिहून मोकळा झालो होतो.

"हात कशाने जळाला?"

"मशीन बराबर हाय का पाहाले रोज आपलाच हात पुढं धरत. उजव्यानं बटन, डावा मशीनीसमोर."

औषधाने जळते तर दोन्ही हात जळाले असते. हे मला पंचनाम्यातच दिसायला हवे होते.

त्या खासगी दवाखान्यात खुंटीवर किरण अडवणारा शिशाचा जड एप्रन टांगला होता. डॉक्टर म्हणाले, "एक ही है साहब, मैं पहनता हूँ." मी विचारले, बारा वर्षे तुमचे मशीन चालवणाऱ्याला एप्रन का नव्हता? "उसने कभी माँगा नहीं."

अहवालांत जहर निघाले नाही. बाटलीत टॉनिकच होते. शव तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांनी सांगितले, हा रक्ताचा कर्करोग; निळे डाग आणि हिरड्यांतले रक्त त्याचेच. बहुतेक रोग्यांत त्याचे कारण सापडत नाही. पण एक्स-रेच्या किरणांशी आणि बेंझिनसारख्या रसायनांशी वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना धोका जास्त असतो. "याच माणसाला किरणांनीच झाला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही," असेही ते म्हणाले.

मी बाईला बोलावून सर्व सांगितले. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही दिराच्या देखत बजावले. तो मान खाली घालून उभा होता. तिने पदर सावरला आणि विचारले, "मले बसवलं जी दिवसभर. आता थ्या मशीनवाल्याले कवा बसवता?"

त्या डॉक्टरला लावायला माझ्याकडे कायद्याचे कलम नव्हते. शोधले, वरिष्ठांना लिहिले, उत्तर आले नाही. गुन्हेगार घरात शोधायची आम्हाला सवय असते, कारण घरातली बाई हाताशी सापडते. खुंटीवरचा एप्रन कोणी पंचनाम्यात घेत नाही.

अखेर प्रकरण बंद करताना मी लिहिले, 'नैसर्गिक मृत्यू'. त्या दोन शब्दांखाली माझी सही आहे.