रेडिओसारखं बोल

दुसरबीडजवळच्या एका शाळेत मी रुजू झालो, तेव्हा ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे', 'कौतुकानं मूल शिकतं' ही सूत्रं तोंडपाठ होती. त्यातच शाळेला बॅटरीवर चालणारा रेडिओ मिळाला. शालेय कार्यक्रम ऐकवायचं काम माझ्याकडं आलं. मी तो रोज पुसायचो आणि मुलांना हात लावू द्यायचो नाही.

एकदा रेडिओवर पाण्यातल्या क्षारांचा पाठ झाला. संपल्यावर मी विचारलं, "काय समजलं?"

चौथीतली एक मुलगी उठली. तिचं आजोळ लोणारचं.

"गुरुजी, लोणारच्या तळ्याच्या पान्याले साबण नाई लागत. मळ असाच निंगते. म्या सोता धुतले हायेत कपडे!"

ज्ञाताकडून अज्ञाताकडं ती आपली आपणच पोचली होती. ते मला ऐकूच आलं नाही.

"पान्याले नाही, पाण्याला. निंगते नाही, निघतो. रेडिओवर असं बोलतं का कोणी? रेडिओसारखं बोल." एवढ्यावर थांबलो नाही. तिचं वाक्य नाक दाबून म्हणून दाखवलं. वर्ग खदखदून हसला. ती खाली बसली.

माझी आई चिखलीकडची. ती अशीच बोलायची. कॉलेजात पुण्याकडची मुलं याच बोलीवरून मला हसायची. हे सगळं मला माहीत होतं.

महिन्याभरानं डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी क्षारांबद्दलच विचारलं. मी तिला खुणावलं. तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. तिची आई अंगणात शेंगा फोडत होती.

"पोरगी वर्गात काऊन बोलत नाही?" मी विचारलं.

"घरी तरी कुठं बोलते, गुरुजी? परवा मलेच म्हणे, माय, तू निंगते नको म्हणू, लोक हासतात."

बाईच्या आवाजात राग नव्हता. मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर म्हणालो, "पोरी, माही चूक झाली. म्याबी घरी असाच बोलतो. लोणारचं सांग बरं पुन्हा, तुह्याच बोलीत."

ती उठली. हात बाजूला ताठ. "लोणार येथील सरोवराचे पाणी क्षारयुक्त आहे," म्हणाली आणि बसली.

पुढं सातवीपर्यंत ती त्याच शाळेत होती. नेहमी शुद्ध बोलली, आणि विचारलं तेवढंच.