बहिणीची खरी नोकरी

माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियन नेव्हीत आहे. आम्ही राहतो त्या टूनगॅबीतल्या मराठी मंडळींना मात्र आई सांगायची, "शिपिंगमध्ये आहे." बंदूक घेणाऱ्या मुलीला स्थळ कुठून येणार, ही आधीची काळजी. नंतर बदलून सांगणं अवघड झालं. बहीण हसून सोडून द्यायची. मला ते लागायचं, पण चारचौघांत मी फारशी बोलत नाही.

या वर्षी तिच्या जहाजाने अरबी समुद्रात ड्रग्जची बोट पकडली. गोण्यांमागे उभी असलेली ती फोटोत दिसली आणि तो फोटो गणपतीच्या ग्रुपवर फिरला. ती सुट्टीवर आली तेव्हा आईने नेहमीच्या काका-काकूंना जेवायला बोलावलं. आता आई काय सांगणार, याची मला धाकधूक होती.

पहिली पुरी संपायच्या आत काका म्हणाले, "त्यांच्या बोटीवर चढायचं कशाला? उडवून टाकायची. हल्ली काही देश उडवतातच की."

"मग आत कोण होतं ते कोणाला विचारायचं, काका?" बहीण म्हणाली.

"स्मगलर. दुसरं कोण?"

"आमच्यात हिंदी येणारी मी एकटीच. बोटीवरच्या एकाला विचारलं, भैया, माल किधर है? त्यानेच दाखवला. माल समुद्रात टाकला. अटक करायचा अधिकार आम्हाला नसतो, म्हणून त्यांना पाणी दिलं, सोडलं."

"सोडलं? डबा पण द्यायचा बरोबर."

बहीण हसली. "जिथे बोटी उडवल्या, तिथले लोक म्हणतायत मेलेले मच्छीमार होते. पेपरात आहे. त्यांची सरकारं चिडली की खबर देणं बंद करतात. मग एवढ्या समुद्रात बोट शोधायची कुठे?"

काका आईकडे वळले. "वहिनी, शिपिंगमध्ये राहून बरंच काही करते की ही."

आईने श्रीखंडाचं भांडं खाली ठेवलं. "नेव्हीत आहे ती. शिपिंग मी सांगत होते, ती नाही." मग म्हणाली, "दोराच्या शिडीने चढते. खांद्याला बंदूक असते. एकही गोळी न झाडता उतरली."

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "आणि यांना स्टुलावर चढून बल्ब बदलवत नाही."

बहीण ताटात बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मला अभिमान तिचा जास्त वाटत होता की आईचा, कळेना.

"शिडी हलत असते, काका," मी म्हणाले. "खालची बोटही. ते ती सांगणार नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलत राहिले.