सालीच्या पाण्यात सोडलेलं कातडं

चपलांच्या दुकानात नव्या कातड्याचा वास आला की मला अमेरिकेतल्या एडिसन शहरातल्या ऑफिसातलं जेवणाचं टेबल आठवतं. मी लहान गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. रोज मला गाडीतून नेणारा पुण्याचा मित्र हाच माझा तिथला आधार होता आणि त्याची आई पुण्याहून यायची होती, त्या रविवारी तिच्या हातचं जेवायला मला बोलावणं होतं. एका दुपारी जेवताना, ऐनवेळी काम टाकून गेलेल्या कुणावर तरी चिडून आमच्या हंगेरियन सहकारी बाई म्हणाल्या, "चेर्बेनहॉद्य!" अर्थ विचारल्यावर त्यांनी सांगितलं, "आपल्यावर विसंबलेल्याला सोडून जाणं. चेर म्हणजे कातडं कमावायला वापरतात ती झाडाची साल. कातडं त्या सालीच्या पाण्यात टाकून कारागीर परतलाच नाही, तर ते वाया जातं." मी हरखून म्हणालो, "माझे वडील हेच काम करतात! बाभळीच्या सालीत भिजवतात, रोज उलटतात." बाई कौतुकानं विचारत राहिल्या. मित्र मात्र डबा अर्धा ठेवून उठला. परतताना गाडीत म्हणाला, "हे सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती, यार?" सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच पुढे म्हणाला, "रविवारचं कॅन्सल करू. आई जरा जुन्या वळणाची आहे." "आणि तू?" मी विचारलं. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला. वडिलांच्या त्या कामावरच मी शिकलो, इथवर आलो. तरी आज त्या वासानं मला त्यांच्याआधी तो मित्र आठवतो, आणि एवढ्यासाठीच मी त्याला माफ करू शकलेलो नाही.