सासूबाईंचा होकार

सासूबाई गेल्यापासून घरातली दत्ताची पूजा मी करते. माझा पिंड पुस्तकांचा. त्यांच्याइतकी श्रद्धा माझ्यात कधी नव्हती, आजही आहे असं म्हणवत नाही. तरी इथल्या, जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या इस्पितळातली ती सकाळ आठवली की हात जोडले जातात.

त्या आमच्याकडे राहायला आल्या असताना हृदयाची झडप निकामी झाल्याचं कळलं. ऑपरेशन लगेच हवं होतं, नाहीतर त्या फार काळ काढणार नव्हत्या. इथल्या रीतीप्रमाणे सर्जननी सगळे धोके स्पष्ट सांगितले आणि मी ते जसेच्या तसे मराठीत सांगत गेले. ‘तुमचा मृत्यूही होऊ शकतो,’ इथवर आले आणि त्यांनी मला थांबवलं.

“सूनबाई, जीभ आवर. मला नाही करायचं ऑपरेशन.”

“अहो आई, त्यांना सांगावंच लागतं.”

“मग त्यांना म्हणावं, शुभ बोला.”

सर्जनसोबत एक डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी समाजातल्या, काही महिने इथे शिकायला आलेल्या. अडचण कळताच त्या खुर्ची ओढून सासूबाईंजवळ बसल्या. त्या सांगू लागल्या: बोललेलं अशुभ खरं ठरतं, असं त्यांच्यातही मानतात; त्या भीतीने रुग्ण दवाखाना सोडून जात. आता त्यांच्यातलेच तरुण डॉक्टर, नर्स होतात आणि कसं बोलावं हे जुन्या जाणत्या उपचारकांकडून शिकतात. ऑपरेशनआधी असा जाणता येऊन मंत्र गातो, मक्याच्या परागांनी आशीर्वाद देतो. मी हे मराठीत सांगितलं तशा सासूबाई उठून बसल्या. “म्हणजे यांच्याकडेही अंगारा असतो तर!”

त्यांनी जप करून अंगारा लावेपर्यंत सर्जन शांतपणे थांबले. मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी सगळे धोके पुन्हा सांगितले, पण कुणा दुसऱ्याचे म्हणून: असं ऑपरेशन केलेला एखादा माणूस दगावतो, एखाद्याला पक्षाघात होतो. वगळलं काहीच नाही. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

“त्या बिचाऱ्याला दत्तगुरू सांभाळोत,” त्या म्हणाल्या. “माझं कधी करतायत, ते विचार.”

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. पुढची काही वर्षं त्या समाधानाने जगल्या. इतक्या लांबून आलेली ती बाई नेमकी त्या सकाळी तिथे कशी होती, याचा मी शोध घेत नाही. तिचे आणि तिच्या लोकांचे आभार मानते. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून घेणं, असं मला वाटायचं. सासूबाईंनी सगळं ऐकलं, समजून घेतलं, आणि मग स्ट्रेचरवर हात मोकळे सोडून आडव्या झाल्या.