कुरडईची चकती

गुरुवारी सकाळी मी मुलीला माझ्या बहिणीकडे पिंपळगावला पाठवलं. परत येताना हायवेवर ट्रकने तिच्या स्कूटरला धडक दिली. दुपारी दोन वाजता ती गेली.

ही तीन वाक्यं लिहायला मला दोन वर्षं लागली. शाळेच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं पुस्तकं जागच्या जागी लावली. स्वतःचं सांगायचं तर कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. गव्हापासून करते.

दर चैत्रात आमच्याकडे कुरडया होत. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर ठेवायचा. सकाळी तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर घालायचा. माझ्या दोन्ही मुलींना कुरडयांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव शिजलेल्या चिकात. वाटीत गरम चीक, वर दूध, साखर. थोरली आधी एक बोट चाटून मीठ बघायची. धाकटी पातेल्याच्या तळाची खरवड चमच्याने काढायची आणि त्यावरून दोघींची भांडणं व्हायची. त्यांचे बाबा सातपूरला कंपनीत होते, पहिल्या पाळीहून आले की बूट न काढताच विचारायचे, "माझी वाटी ठेवली का, की फस्त केली भवान्यांनी?" याला सुख म्हणतात हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, हा पसारा आहे.

त्या वर्षी सोमवारी गहू भिजवले. बुधवारी संध्याकाळी सोऱ्या काढला तर त्यातली कुरडईची चकती नव्हती. फडताळ, माळा, भांड्यांचा कप्पा, सगळं पाहिलं. बहिणीला फोन केला. ती माझ्याहून मोठी, पिंपळगावला शेतकरी घरात दिलेली. बोलणंही तिकडचंच झालेलं.

"एवढंच ना? माझा पितळी सोऱ्या हाये की. पोरीला पाठव उद्या, दोन घास खाऊन जाईल."

थोरली पुस्तकात डोकं घालून बसली होती. म्हणाली, "आई, कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून नवीन आण ना."

"नव्याची कुरडई जाड पडते."

"मग पडू दे. तुझ्या कुरडईला काय लग्नाला उभं करायचंय?"

धाकटी हसत सुटली. मग म्हणाली, "ताई, येताना द्राक्षं आण."

"तुला कशाला? तुझं तोंड आधीच गोड."

मी हसले नाही. उद्या वाटण आहे, परवा पहाटे चीक शिजवायचाय, आणि ह्यांना थट्टा सुचतेय, एवढंच डोक्यात होतं. जरा कडकच म्हणाले, "सकाळी जायचं म्हणजे जायचं." ती गेली.

पोलिसांनी स्कूटरच्या डिकीतलं सामान परत दिलं. ओढणी, द्राक्षांची पिशवी, पितळी सोऱ्या. सोऱ्याला पोचाही आला नव्हता.

भिजवलेल्या गव्हाचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. पाचव्या दिवशी बाल्कनीतून आंबूस वास घरभर आला. शेजारच्या वहिनी आल्या आणि पातेलं घेऊन गेल्या. घरातलं माणूस गेलं की आमच्यात त्या वर्षी वाळवण घालत नाहीत. मला बरंच वाटलं.

तेराव्याला बहीण माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "मीच काळ झाले गं पोरीचा. मी बोलावलं नसतं तर..." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा मला खरोखर माहीत नव्हतं.

दसऱ्याआधी घर साफसफाईला काढलं. माळ्यावरून आदल्या वर्षीच्या कुरडयांचा डबा उतरवला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या मूठभर उरल्या होत्या. त्यांच्या खाली माझ्याच जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेली चकती होती. मीच ठेवली होती. पुढच्या वर्षी कुरडयांसाठीच लागेल, मग कुरडयांच्याच डब्यात सापडेल, असा विचार करून. इतकी व्यवस्थित मी.

मी ती पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि पुस्तकांच्या कपाटात मागच्या ओळीत ठेवली. मुलींच्या बाबांना सांगितलं नाही. धाकटीला नाही. बहिणीला तर नाहीच.

बहीण दर आठ-पंधरा दिवसांनी फोन करायची. सोऱ्या तिने कधी परत मागितला नाही. तिने कुरडया करणंही सोडलं होतं. फोन ठेवताना दर वेळी विचारायची, "मला माफ केलंस ना गं?" मी म्हणायचे, "असं बोलू नये अक्का." हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. दोष वाहायला दुसरं कुणीतरी आहे, याचा मला आधार वाटत होता. हे लिहिताना हात थांबतो, पण तसं होतं.

धाकटी या काळात गप्प झाली. आता ती ताई गेली त्या वयाची होत आलीय. जेवायला बसायची, उठायची. काय खाल्लं विचारलं तर सांगता यायचं नाही. मी रोज काही वेगळं करायचे आणि ती रोज तेवढंच टाकायची. आपल्या घरातून दुसरीही चाललीय, फक्त हळूहळू, असं वाटून मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायचे. यंदा चैत्र लागला आणि ती आपण होऊन म्हणाली, "आई, चीक करशील?"

दोन वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी गहू भिजवले. रोज पाणी बदललं. आणि रोज वाटायचं, बहिणीला न सांगता हा चीक मी तिच्या वाटीत घालू शकणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला.

"अक्का, चकती माझ्याच घरात होती. कुरडयांच्या डब्यात. मीच ठेवली होती."

पलीकडे टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. मग ती म्हणाली, "कधी सापडली?"

"त्याच वर्षी. दसऱ्याआधी."

"म्हंजी दीड वर्स."

"हो."

"दीड वर्स मी तुझी माफी मागत व्हते. अन् तू ऐकून घेत व्हतीस?"

तिने फोन ठेवला. नंतर मी चार वेळा लावला, तिने उचलला नाही. संध्याकाळी मुलींच्या बाबांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मलाही नाही सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चीक शिजवला. कुरडया घातल्या नाहीत. तीन वाट्या भरल्या, दूध घातलं, साखर घातली. धाकटीने एक घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मग मीठ आधी कोण बघायचं ते तिच्या लक्षात आलं, माझ्याही. तिने वाटी संपवली. पातेल्यातली खरवड चमच्याने काढायला घेतली, अर्धी काढली आणि चमचा ठेवून दिला.

बहिणीचा फोन आलेला नाही. तिचा पितळी सोऱ्या माझ्याकडेच आहे. चकती कपाटातून काढून ओट्यावर ठेवली आहे. घरात आम्ही तिघं आहोत.