मामाच्या गाडीचे शॉकअप

माझा धाकटा भाऊ बाळ आता साठी ओलांडून गेलाय. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. निवृत्त झाला तो फक्त कागदावर, कारण अडलेली गाय सोडवायला गोठेवाल्यांना अजून तोच लागतो. सगळे त्याला मामा म्हणतात. ज्यांच्या आईला त्यानं कधी पाहिलंही नाही, तेसुद्धा.

नोकरीच्या सुरुवातीलाच एका घोड्यानं लाथ घालून त्याचा डावा घोटा मोडला. पाऊल खाली दाबता येतं, वर उचलता येत नाही. हल्लीच्या मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायाला असतो. त्याच्या जुन्या गाडीचा मात्र उजव्या पायाला आहे आणि मागचा ब्रेक डाव्याला. तो ब्रेक कसाबसा लागतो. खरी मदार हातानं दाबायच्या पुढच्या ब्रेकवर. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक मध्येच विचारतात, "मग नवी का घेत नाही?" आणि माझं डोकं उठतं.

गेल्या महिन्यात वळणावर म्हैस आडवी आली. ज्या जातीची जन्मभर सेवा केली तिनंच घात केला. बाळचं खरचटण्यावर निभावलं, पण गाडीचे पुढचे शॉकअप, म्हणजे हँडलपासून चाकापर्यंत येणारे ते दोन पाय, वाकले. सरळ करून द्यायला मिस्त्रीनं साफ नकार दिला. "मामा, एकदा वाकलेला पाइप कधी दगा देईल सांगता येत नाही. दुसरे आणा."

आणायचे कुठून? गाडी बनवणारी कंपनीच कधीची बुडालेली.

भावजय मला म्हणाली, "वन्सं, मिळाले तर चालवू देत. नाही मिळाले तर घरी बसायचं. खिडकीत उभी राहून राहून मी म्हातारी झाले."

बाळ पायरीवर बसून राहिला. फोन आला की म्हणायचा, "गाडी नाही रे, दुसऱ्या कुणाला तरी बघ," आणि फोन उपडा ठेवायचा. दोन-चारदा मी ऐकून घेतलं.

"ऊठ," शेवटी म्हटलं. "तोंडात मारल्यासारखा काय बसलायस?"

"ताई, मिळणार नाहीत."

"विचारलंस कुणाला?"

"नाही."

"मग काय शॉकअप पत्ता शोधत घरी येणार आहेत?"

वाकलेला पाइप चादरीत गुंडाळला आणि निघालो. पहिला दुकानदार हसून म्हणाला, "काकू, हे कुठल्या खोदकामात सापडलं?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांना विचार, त्यांना माहीत असेल." एका ठिकाणी जाडी जुळली तर लांबी बोटभर कमी. दुसरीकडे लांबी जुळली, पण आसाचं भोक लहान. जाडी, लांबी, भोक, तिन्ही जुळल्याशिवाय उपयोग नाही. हे म्हणजे स्थळं बघण्यासारखंच, फक्त पाइपांना निदान सासू नसते.

शेवटी एका भंगारवाल्याकडे, फ्रिजच्या दारांखाली, भलत्याच कंपनीच्या गाडीचा सांगाडा निघाला. बाळनं मापं घेतली. पुन्हा घेतली. मग सुटे केलेले पाइप भंगारवाल्याच्या टेबलावरच्या काचेवर गडगडत नेले. वाकडा पाइप काचेवर लंगडतो. हे दोन्ही सरळ गेले. बाळ कितीतरी दिवसांनी हसला.

मिस्त्रीनं ते बसवले, तर चाक एका बाजूला घासायला लागलं. त्यानं आसावर आतून एक जाड वॉशर सरकवला, चाक मधोमध आलं. स्टँडवर गरगर फिरवून ब्रेक दाबला, चाक थांबलं.

"झालं मामा! आता वरातीला न्या."

तेवढ्यात फोन. गोठेवाली बाई रडकुंडीला आलेली. "मामा, पाय बाहेर आलेत, डोकं येईना! दोघंजण ओढतायत."

"ओढू नका! निघालोच."

"जा लवकर," मी म्हटलं. त्यानं किक मारली. गल्लीच्या तोंडाशी उतार सुरू होतो, खाली ट्रकांचा रस्ता. तिथं त्यानं ब्रेक दाबून पाहिला आणि थांबला. उतरला. गाडी ढकलत परत आणली.

"आता काय? तिकडे जीव अडकलाय!"

"ताई, गप."

जन्मात मला असं बोलला नव्हता. उकिडवा बसून त्यानं चाक आणि शॉकअपच्या फटीत बोटं घातली, डोळे मिटले. गाईच्या पोटात हात घातल्यावर त्याचा चेहरा असाच होतो.

"मिस्त्री, खुंटी धरत नाहीये."

ब्रेकची गोल प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून शॉकअपला एक खुंटी असते, ती प्लेटच्या खाचेत अडकते. वॉशरमुळे चाक मधोमध आलं, पण प्लेट खुंटीपासून दूर सरकली. खुंटीचं नखभर टोक काय ते खाचेत उरलं होतं. स्टँडवर तेवढं पुरलं. उतारावर करकचून दाबला असता तर प्लेट फिरली असती, चाक जागीच अडकलं असतं आणि बाळ हँडलवरून ट्रकाखाली.

मिस्त्री पांढराफटक पडला. वॉशर काढावा तर चाक घासणार. "खुंटी वेल्डिंगनं वाढवतो, मामा. पण वेळ लागेल."

पुन्हा फोन. बाळनं स्पीकर लावला.

"ओढणं थांबवलंत? हाताला कोपरापर्यंत साबण लाव. कळ ओसरली की वासराला आत ढकल."

"आत? मामा, बाहेर काढायचंय ना?"

"आधी आत. जागा झाल्याशिवाय मान वळणार नाही."

इकडे वेल्डिंगच्या ठिणग्या, तिकडे गाईचं हंबरणं. मला कुठं बघावं कळेना.

"तोंड सापडलं, मामा!"

"बोट घाल तोंडात. चोखतंय?"

गाय पुन्हा हंबरली. मग, "नाही."

बाळनं फोन तोंडाजवळ धरला. "बरं. आता गाय वाचवायची. डोकं सरळ धरून ठेव, ओढू नकोस. येतोय मी."

मिस्त्रीनं खुंटी घासून खाचेत बसवली. बाळनं पुन्हा बोटं घालून पाहिली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन ब्रेक करकचून दाबला. गाडीनं नाक खाली केलं, वर केलं. पुन्हा दाबला. मग तो उतारावरून दिसेनासा झाला.

मी घरी आले आणि भावजयीला सगळं सांगितलं, ट्रकासकट. लपवाछपवीचा मला कंटाळा आहे. ती खिडकीतून हलली नाही.

"कळलं कसं त्यांना?"

"हात घालून."

उन्हं उतरल्यावर फोन आला. तिनंच घेतला.

"गाय उभी राहिली," बाळचा आवाज. "वासरू मेलेलंच होतं."

"ब्रेक?"

"धरतोय."

"उतारावर?"

"उतारावरच धरून बघितला."

भावजय खिडकीतून बाजूला झाली. "मग या सावकाश. आणि त्या बाईला सांगा, पुढच्या वेळी ओढायच्या आधी फोन करायचा."